लस लेकीला, तपासणी आईचीही

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस मुलींना मिळावी, असं आता बहुतेक सगळे म्हणतात. मीही म्हणते, माझ्या लेकीला मी ती दिली आहे. पण हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो, त्या शरीरात आधीच मुक्काम ठोकलेल्या एचपीव्ही विषाणूला ही लस हटवत नाही. म्हणजे दवाखान्याच्या बाकावर लेकीशेजारी बसलेल्या चाळिशीच्या आईला तिचा फारसा उपयोग नाही. तिला हवी आहे तपासणी. लेकीला सुई टोचतील त्याच दिवशी, त्याच दवाखान्यात आईचीही तपासणी करा, एवढीच माझी मागणी आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या जेमतेम दोघींनी ही तपासणी कधीतरी केली होती. परळ-लालबागला राहणाऱ्या मला हे जास्तच लागतं, कारण स्वस्तातल्या तपासणीने जीव वाचतात याचा पुरावा आमच्याच शेजारच्या ‘टाटा’ कर्करोग रुग्णालयाने जगाला दिला. १९९८ पासून त्यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावत आणि मिनिटभराने पांढरा चट्टा उमटतो का ते पाहत. बारा वर्षांनी दिसलं की तपासलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. दुसऱ्या गटातल्या बायकांना मात्र फक्त माहिती दिली गेली, तपासणी नाही; त्यावर टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. त्या बायकांचं आपण देणं लागतो. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या साथीने झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००९ मध्ये आला. एचपीव्हीची एकच चाचणी दिलेल्या बायकांत मृत्यू जवळजवळ निम्मे झाले होते. एकच चाचणी!

मग अडतं कुठे? लाजेपाशी. माझी आत्या देवगडहून आमच्याकडे आली, तेव्हा तिची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि अंगावरून पुन्हा जायला लागलं होतं. घरात कुणाला बोलली नव्हती. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहून ती याच कर्करोगासाठी किरणांचा शेक घ्यायला जायची. एकदा भाजी निवडताना म्हणाली, “मी असं काय पाप केलं गं?” मला तिला सांगता आलं ते एवढंच, की आत्या, यात पाप नाही. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, पण तो बहुतेक सगळ्यांना आयुष्यात कधीतरी गाठतो आणि बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपणच जातो. एकनिष्ठ बाईलाही त्याची लागण होते. थोड्याजणींत तो टिकून राहतो आणि त्याचा कर्करोग व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षं लागतात. एवढा अवधी हातात असताना बाई मरते, याचा मला संताप येतो.

आमच्याकडची मंडळं शिबिरं भरवतात, साखर आणि बीपी तपासतात. तिथेच पडद्याचा आडोसा आणि एक नर्सबाई असली, तर एचपीव्हीसाठीचा नमुना बाई स्वतःच घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेचीही त्याला मान्यता आहे. सामायिक संडास असलेल्या चाळीत वाढलेल्या बाईला असा आडोसा किती मोलाचा, ते मी जाणते. महापालिकेचे दवाखाने आहेत, आशाताई आहेत. अहवाल मात्र नवऱ्याच्या फोनवर न पाठवता तिच्याच हातात द्यावा. विषाणू सापडला म्हणजे कर्करोग झाला असं नाही, हे त्याच वेळी सांगावं आणि पुढच्या तपासणीची तारीख चिठ्ठीवर लिहून द्यावी. नुसतं नाव लिहून घेऊन नंतर विचारपूस झाली नाही, तर बाई दुसऱ्यांदा येत नाही.