टर्कीला घाबरून घरी बसणाऱ्यांसाठी

दर नोव्हेंबरात हा संवाद ठरलेला. अमेरिकेत एमएसला गेलेलं पोरगं विचारतं, "लॅबमधल्या एकाने थँक्सगिव्हिंगला घरी जेवायला बोलावलंय, जाऊ का?" आणि तिथले आपलेच सीनियर्स शहाणपण शिकवतात, "कशाला? नुसती टर्की असते रे, एकदम मिळमिळीत. आमच्याकडे ये, बिर्याणी लावतोय." झालं! पोरगं बिर्याणी खातं, रात्रभर पत्ते कुटतं आणि पुढची दोन वर्षं सांगत फिरतं की अमेरिकन लोक फार फॉर्मल, जवळच येऊ देत नाहीत.

अरे बाबा, त्याने दार उघडलं होतं की! तूच गेला नाहीस.

मुळात "खायला काही नसतं" ही शुद्ध थाप आहे. टेबलावर टर्कीशिवाय मॅश्ड पोटॅटो असतात, रताळी, फरसबी, मका, ब्रेड रोल्स असतात. क्रॅनबेरी सॉस तर आपल्या मेथांब्याचा लांबचा भाऊ. आणि पंपकिन पाय म्हणजे काय? भोपळा, साखर, दालचिनी, जायफळ. ज्याच्या घरी लाल भोपळ्याचे घारगे होतात, त्याने या पायला नाकं मुरडावीत म्हणजे कमालच!

शाकाहाऱ्यांनी जरा जपून राहावं, हे खरं. ग्रेव्ही बहुधा टर्कीच्या रसातली असते, स्टफिंग बऱ्याचदा तिच्या पोटातच भाजलेलं, रताळ्यांवरच्या मार्शमॅलोत जिलेटिन आणि पायमध्ये अंडं. पण त्यावर इलाज एका वाक्याचा आहे. आमंत्रण स्वीकारतानाच सांगायचं, "मी शाकाहारी आहे, येताना काय आणू?" यजमान उलट खूश होतो. बटाट्याची सुकी भाजी कमी तिखट करून न्या, भांडं रिकामं परत येईल.

दुसरं पालुपद, "हा आपला सण नाही." कबूल. १८६३ साली ऐन यादवी युद्धात लिंकनने हा दिवस देशभर पाळायचं आवाहन केलं, १९४१ साली नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने ठरला. आणि १९७० पासून याच दिवशी प्लिमथला मूळ अमेरिकन रहिवासी शोकदिन पाळतात. ज्या देशात शिकायला गेलात, तो स्वतःच्या सणाबद्दलही एकमताचा नाही. हे त्या घरातल्या काका-आजोबांच्या तोंडून ऐका की! सेलची सबबही आता चालणार नाही. वॉलमार्ट आणि टार्गेट २०२० पासून त्या गुरुवारी बंदच असतात.

आता जरा उलटं बघा. गणपतीला घरी बोलावलेला पाहुणा "मी मोदक खात नाही" म्हणून आलाच नाही, तर आईला काय वाटेल? मोदक उरल्याचं दुःख नसतं हो, मांडलेलं ताट रिकामं राहतं त्याचं असतं.

आणि आपण तरी दिवाळीला काय करतो? चकल्यांचा डबा लॅबमध्ये ठेवतो, फोटो काढतो आणि संध्याकाळी आपल्याच कंपूत दार लावून बसतो. लॅबमधल्या कितीजणांना घरी बोलावून, पाटावर बसवून, "अजून एक घ्या हो" असा आग्रह केलाय?

बिर्याणीशी माझं भांडण नाही. परमुलखात आपली माणसं हवीतच. पण ती सुट्टी चांगली चार दिवसांची असते. बिर्याणी शुक्रवारी लावा, आणि गुरुवारी ज्याने बोलावलंय त्याच्याकडे जा.

मग पुढच्या दिवाळीला त्याला घरी बोलवा. नुसता डबा पाठवू नका.