मॅच सुटली, मुलगा घरी आला का?

मैत्रिणींनो, लोणची-पापडांच्या या पानावर आज फुटबॉल कुठून आला, असं काहीजणींच्या मनात येईल. कोल्हापूरकर मैत्रिणींना मात्र ते विचारावं लागणार नाही. हंगाम सुरू झाला, की इथल्या पेठांमधल्या घरांचं वेळापत्रकच बदलतं. दुपारी जेवण उरकायची घाई, चहा लवकर, आणि तीन वाजले की चपला घालून पोरं पसार! मग संध्याकाळी आपला एक डोळा घड्याळाकडे आणि एक कान रस्त्याकडे. मॅच सुटल्याचं गाड्यांच्या आवाजावरून कळतं. कोण जिंकलं हे आपण नंतर विचारतो. आधी विचारतो, "आला का गं तुझा?"

हा प्रश्न का विचारावा लागतो, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

कोल्हापूर हे कुस्तीचं गाव. शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान झालं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पुढे याच तालमींनी फुटबॉलही आपलासा केला. म्हणून इथल्या संघांची नावं बघा: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. संघ म्हणजे नुसते अकरा खेळाडू नव्हेत. ती आपली गल्ली, आपला गणपती, आपला कट्टा. राजर्षी शाहू स्टेडियमवर मॅच असली, की सगळी पेठ तिथे जाऊन बसते. यातूनच चांगले खेळाडूही घडले. २०१७ साली आपल्या देशात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तेव्हा फुटबॉल म्हणजे वाया जायचा धंदा, असं कुणी म्हणू नये. पोरं दोन तास घाम गाळतात, मोबाइलमधून डोकं बाहेर काढतात, यात वाईट काय आहे?

वाईट आहे ती हुल्लडबाजी. गॅलरीतून दगड आणि बाटल्या येणं, पोलिसांना काठ्या उगाराव्या लागणं, चालू हंगाम थांबवावा लागणं, हे कोल्हापूरनं एकदा नव्हे, अनेकदा पाहिलेलं आहे. आणि हे काही फक्त कोल्हापुरातच होतं असंही नाही. जिथे जिथे गल्लीचा संघ आणि गावचं मैदान आहे, तिथे थोड्याफार फरकानं हेच चालतं.

हे भांडण पेटतं कसं, ते जरा नीट समजून घेऊ या. दूध उतू जाण्याआधी कडेनं फेस धरतं ना, तसंच इथेही असतं. पहिला फेस मॅचच्या आधीच येतो. मोबाइलवर एकमेकांना डिवचणारे स्टेटस, जुन्या हारजितीची उकरकाढ. मग मॅच सुरू होते. पंचांनी एक शिट्टी फुंकली, कुणाला तरी ती चुकीची वाटली. खेळाडू पंचांच्या अंगावर धावले, बाकावरचे लोक आत घुसले. आता गॅलरीला जणू परवानाच मिळाला! पहिली बाटली कोण टाकतो ते कुणालाच दिसत नाही. दुसरी, तिसरी मात्र आपोआप येते. मोठ्या स्पर्धेत दोन्ही पाठीराख्यांना वेगळे दरवाजे, वेगळे कठडे असतात, पोलिसांची रांग असते. लहान मैदानावर एवढी सोय कुठली? येणारे-जाणारे एकाच वाटेनं. म्हणून मैदानावरचं भांडण रस्त्यावर येतं, आणि गाड्यांच्या पुंगळ्या काढून विरुद्ध पेठेतून फेरी मारली, की ते घराघरांत पोचतं. ज्या बाईनं आयुष्यात मॅच पाहिली नाही, तिच्या दारातली गाडी फुटते. आहे की नाही गंमत!

"पोरं आहेत, चालायचंच," असं म्हणणाऱ्या पुष्कळजणी आहेत. त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगते. दोन्ही खऱ्या आहेत.

पहिली कोलकात्याची. १६ ऑगस्ट १९८०. ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांची लीगची मॅच. दोन्हीकडचे पाठीराखे एकाच स्टँडमध्ये मिसळून बसलेले. मैदानात दोन खेळाडूंची झटापट झाली, आणि तेवढं निमित्त वर पुरलं. मारामारी, पळापळ, चेंगराचेंगरी. त्या दिवशी १६ जण घरी परतले नाहीत. मॅच बघायला म्हणून गेलेली माणसं! तिथे १६ ऑगस्ट हा दिवस फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळतात आणि रक्तदान करतात. रक्त सांडलं त्याची आठवण रक्त देऊन ठेवायची, ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

दुसरी गोष्ट आहे नेदरलँड्सची, आणि ती आपल्या विषयाच्या जास्त जवळची. तिथे अल्मेरे नावाच्या गावी २ डिसेंबर २०१२ रोजी मुलांच्या संघांची एक साधी मॅच होती. ना तिकीट, ना टीव्ही. कडेला झेंडा घेऊन उभे राहणारे पंच म्हणजे एका खेळाडूचे वडीलच. वय वर्षं ४१. मुलाच्या संघासाठी हौसेनं काम करणारे. मॅच संपल्यावर समोरच्या संघातल्या पोरांनी त्यांना खाली पाडून लाथा मारल्या. ते उठून उभे राहिले, काही झालं नाही असं वाटलं. पण थोड्या वेळानं कोसळले आणि दुसऱ्या दिवशी गेले. पुढच्या आठवड्यात त्या देशातल्या सगळ्या हौशी मॅचेस रद्द झाल्या. २०१३ मध्ये निकाल लागला. सहा पोरं आणि त्यांच्यातल्या एकाचे वडील, अशा सातजणांना शिक्षा झाली. वडिलांना सहा वर्षांची! पोरांना आवरायचं सोडून स्वतःच मारायला धावले, त्याचं फळ.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. लहान मॅचचा पंच हा कुणी मोठा अधिकारी नसतो. तोही कुणाचा तरी नवरा असतो, त्याचीही कुणीतरी वाट बघत असते. घरात बसून "पंचानं घात केला, त्याला धरायला पाहिजे होता," असं घरातली मोठी माणसं बोलतात, ते मुलगा ऐकत असतो. आपण सहज बोलतो, तो तसं करायला जातो.

आता कायद्याचं. हे आयांनी पाठच करून ठेवावं. १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे जुन्या दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. पण एक गोष्ट जुन्या कायद्यात होती तीच नव्यातही आहे. पाच किंवा जास्त माणसं एका बेकायदा हेतूनं जमली आणि त्यातल्या एकानं त्या हेतूपायी गुन्हा केला, तर त्या जमावातल्या प्रत्येकाला जबाबदार धरता येतं. दंग्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि हातात घातक हत्यार असलं तर पाच वर्षांपर्यंत. "मी दगड मारला नाही, मी नुसता उभा होतो," हे तुमच्या मुलाचं म्हणणं खरंही असेल. नुसतं उभं राहणं हा गुन्हा नव्हेच. पण ते कोर्टात पटवून देईपर्यंत वर्षं जातात. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं. मधल्या काळात नोकरीसाठी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागतो, पासपोर्टसाठी चौकशी होते, भरतीचा अर्ज भरताना रकाना असतो. एका संध्याकाळच्या ईर्षेपायी तिथे काय लिहायचं?

आणि समजा, मुलाला धरलंच, तर रडारड न करता चार गोष्टी लक्षात ठेवा. अटक झालेल्याला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं, आणि अटकेची खबर घरच्यांना द्यावी लागते. मुलगा अठरा वर्षांच्या आतला असेल, तर त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. त्याची बाजू बाल न्याय मंडळापुढे जाते. म्हणून त्याच्या जन्मदाखल्याची किंवा शाळेच्या दाखल्याची प्रत घरात सापडेल अशी ठेवा. आणि वकिलाला पैसे नसले तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. अटकेत असलेल्याला तिथून फुकट वकील मिळतो. तो त्याचा हक्क आहे, उपकार नव्हेत.

पण वेळ तिथवर येऊच कशाला द्यायची? घरात आपल्या हातात जे आहे, ते करू या.

मॅचला जायची बंदी घालू नका. बंदी घातली की पोरगं "मित्राकडे अभ्यासाला" जातं, आणि मग ते कुठे आहे हेच आपल्याला ठाऊक नसतं. त्यापेक्षा जा म्हणावं, पण कुणाबरोबर जातोस, कुठे बसणार, कधी येणार हे सांगून जा. शेजारच्या एखाद्या जाणत्या माणसाबरोबर पाठवलंत तर उत्तमच.

एक सोपा नियम घालून द्या. बाचाबाची सुरू झाली की व्हिडिओ काढत थांबायचं नाही. उठायचं आणि निघायचं. गर्दी लोटत असेल तर तिच्या उलट जायचं नाही, कडेकडेनं सरकत बाहेर पडायचं. कुणी पडला तर हात देऊन उठवायचं. मॅच सुटल्यावर मिरवणुकीच्या गाडीवर तिसरा म्हणून बसायचं नाही.

दारूचा वास आला तर मात्र हसण्यावारी नेऊ नका. निम्मी हुल्लड तिथूनच सुरू होते. त्या रात्री बोलू नका, कारण पिऊन आलेल्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळी, वडिलांना समोर बसवून शांतपणे विचारा.

आणि दगड लागून आलाच कुणी, तर हळद, चहाची पूड, तंबाखू असलं काही जखमेत भरू नका. स्वच्छ धुतलेला फडका घट्ट दाबून धरा, दहा मिनिटं तरी उचलून बघू नका. डोक्याला मार लागल्यावर उलटी झाली, झापड आली, बोलण्यात गोंधळ झाला, शुद्ध हरपली किंवा डोकं वाढत्या प्रमाणात दुखू लागलं, तर "सकाळी बघू" म्हणायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. अल्मेरेचे ते गृहस्थ आधी उठून उभे राहिले होते, हे विसरू नका. डोळ्याला लागलं असेल तर चोळायचा नाही, दाबायचाही नाही. वरून एखादी स्वच्छ वाटी किंवा कागदी पेला अलगद धरायचा, असा की तो डोळ्याला टेकणार नाही, आणि डॉक्टरांकडे न्यायचं. पोलिसांना घाबरून जखम लपवून ठेवणं हा तर शुद्ध वेडेपणा.

शेवटी एक गमतीची, पण विचार करायला लावणारी हकीगत. तुर्कस्तानात इस्तंबूलच्या फेनरबाहचे संघाच्या पाठीराख्यांनी २०११ मध्ये मैदानात घुसून दंगा केला. शिक्षा अशी की पुढची मॅच रिकाम्या स्टेडियममध्ये खेळायची. पण तिथल्या फुटबॉल महासंघानं शिक्षेत बदल केला: पुरुषांना बंदी, बायका आणि बारा वर्षांखालच्या मुलांना मात्र फुकट प्रवेश. २० सप्टेंबर २०११ रोजी ४१ हजारांहून जास्त बायका-मुलं स्टेडियमवर आली! आरडाओरडा भरपूर झाला, घोषणा झाल्या, खेळाडूंनी प्रेक्षकांकडे फुलं फेकली. मॅच एक-एक अशी बरोबरीत सुटली, आणि सगळ्याजणी आपापल्या घरी गेल्या.

बायका गेल्या म्हणजे सगळं सुरळीत होतं, असं मी म्हणत नाही. भांडायला आपणही काही कमी नाही, नळावर बघावं! पण जिथे आया, बहिणी, लहान मुलं बसलेली असतात, तिथे शिवी देताना आणि दगड उचलताना हात जरा अडखळतो, एवढं खरं. तेव्हा पेठेतल्या महिला मंडळानं तालमीच्या कारभाऱ्यांना जाऊन विचारायला काय हरकत आहे? आम्हाला बसायला एक बाजू राखून द्या, तिथे स्वच्छतागृहाची सोय करा, आणि जो हुल्लड करील त्याला तालमीनंच पुढच्या मॅचेसना बंदी करा. पोलिसांपेक्षा पोरं आपल्या तालमीतल्या वस्तादाला जास्त भितात, हे आपल्याला ठाऊक आहे.

हळदीकुंकवाला वीस-पंचवीसजणी जमतोच. पुढच्या वेळी वाण लुटून झालं की हा विषय काढा. कारभारी कुणाच्या ना कुणाच्या घरातलेच असतात. दोघी-तिघींनी जाऊन सांगितलं, तर ऐकल्याशिवाय राहणार नाहीत.