‘500 लिटरपर्यंत’ म्हणजे नेमकं किती? प्रोटीन स्किमरचा साईज निवडण्याआधी हे वाचा

एप्रिल 2025 मध्ये इंटरनॅशनल कोरल रीफ इनिशिएटिव्हने एक आकडा जाहीर केला. 2023 च्या सुरुवातीपासून जगातल्या प्रवाळ खडकांपैकी 84 टक्के भागाला ब्लीचिंग होईल इतक्या उष्णतेचा फटका बसला होता. इतिहासातलं हे चौथं आणि सगळ्यात मोठं जागतिक ब्लीचिंग. दुसरीकडे आपल्या फोनवर मात्र निळ्या लाईटमध्ये चमकणाऱ्या घरगुती रीफ टँकच्या रील्स सुरूच आहेत, आणि त्याखाली वाय-फायवाले पंप, ॲपवर चालणारे स्किमर आणि डिस्काउंटच्या लिंक.

या सगळ्या सामानात सर्वात जास्त गोंधळ होतो तो प्रोटीन स्किमरच्या साईजवर. बॉक्सवर ‘500 लिटरपर्यंत’ लिहिलेलं असतं, आपला टँक 200 लिटरचा असतो, आणि आपण निश्चिंत होतो. पण हा आकडा काय सांगतो आणि काय लपवतो, ते बघूया.

स्किमर करतो काय?

माशांची विष्ठा, उरलेलं खाणं आणि प्रवाळांनी सोडलेला चिकट द्रव यातून पाण्यात सेंद्रिय पदार्थ विरघळतात. त्यातल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याला धरून राहतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं, साबणासारखंच. स्किमर पाण्यात लाखो बारीक बुडबुडे सोडतो. हे रेणू बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतात, फेस होऊन वर चढतात आणि वरच्या कपात तपकिरी, वास मारणारं पाणी जमा होतं.

गोड्या पाण्यात हे नीट जमत नाही, कारण तिथे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. खाऱ्या पाण्यात ते बारीकच राहतात. म्हणून गोल्डफिशच्या टाकीला स्किमर लावून उपयोग नाही.

अजून एक गोष्ट: स्किमर नायट्रेट किंवा फॉस्फेट थेट काढत नाही. ज्या कचऱ्यापासून ते पुढे तयार होतात, तो सडायच्या आधी बाहेर काढतो.

बॉक्सवरचा आकडा आणि पॉवर बँक

10000 एमएएचच्या पॉवर बँकेतून फोनमध्ये प्रत्यक्षात साधारण 6000 च्या आसपासच जातात, हे आता बहुतेकांना माहीत आहे. तो आकडा खोटा नसतो, फक्त तो आतल्या सेलच्या व्होल्टेजवर मोजलेला असतो. स्किमरची गत त्याहून वाईट. पॉवर बँकेत निदान मोजमापाचं एकक ठरलेलं आहे. स्किमरसाठी सगळ्या कंपन्यांना लागू होणारी एकच सक्तीची चाचणी नाही. ‘500 लिटरपर्यंत’ हे दोन माशांच्या टँकसाठी की वीस माशांच्या, ते अनेकदा लिहिलेलंच नसतं.

मुळात लिटर हे एककच इथे अर्धवट आहे. पाणी घाण होतं ते लिटरमुळे नाही, तुम्ही रोज टाकता त्या खाण्यामुळे. 200 लिटरच्या दोन टँकपैकी एकात दोन क्लाउनफिश असतील आणि दुसऱ्यात दिवसातून तीनदा खाणारे आठ मासे असतील, तर दोघांना एकच स्किमर कसा पुरेल? म्हणून जरा बऱ्या कंपन्या हलका, मध्यम आणि जास्त लोड असे तीन आकडे देतात. जास्त लोडचा आकडा हलक्याच्या निम्मा किंवा त्याहून कमी असू शकतो. बॉक्सवर एकच आकडा ठळक छापला असेल, तर तो हलक्या लोडचा समजूनच चला.

आधी तुमचं पाणी मोजा

टँकच्या मापावरून काढलेले लिटर आणि खरं पाणी यातही फरक असतो. एक उदाहरण घेऊ.

- टँक 90 × 45 × 45 सेंमी: कागदावर 182 लिटर
- वरची 4 सेंमी जागा सोडली: 166 लिटर
- दगड आणि वाळूचे अंदाजे 15 टक्के वजा: 141 लिटर
- खालचा संप 60 × 35 सेंमी, पाणी 20 सेंमी: अधिक 42 लिटर

म्हणजे सिस्टीममध्ये साधारण 180 लिटर पाणी. आता लोड बघा. चार-पाच छोटे मासे आणि रोज बेताचं खाणं असेल, तर ज्याचा मध्यम लोडचा आकडा 180 ते 250 च्या दरम्यान आहे असा स्किमर बघा. एकच आकडा दिला असेल, तर 350-400 लिटरवाला घ्या. मासे जास्त असतील तर एक साईज वर.

मग सरळ मोठाच का नको?

‘मोठा घेतला की टेन्शन नाही’ हा सल्ला ग्रुपवर हमखास मिळतो. दोन कारणांमुळे तो चुकीचा आहे.

पहिलं, फेस टिकायला पुरेसा कचरा लागतो. 180 लिटरच्या टँकवर 1000 लिटरवाला स्किमर लावला तर त्याच्या रुंद गळ्यातून वर चढण्याइतका घट्ट फेसच होत नाही. दोन दिवस कप कोरडा, मग खाणं जास्त पडलं की एकदम भरून वाहणार. असा स्किमर कधीच नीट सेट होत नाही. गळ्याचा व्यास म्हणूनच महत्त्वाचा.

दुसरं कारण आकड्यांचं आहे. पेन्सिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन यांनी 2009 मध्ये वेगवेगळ्या स्किमरची मोजणी करून निष्कर्ष मांडले. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण 20 ते 30 टक्केच स्किमर काढू शकत होते. उरलेला भाग बुडबुड्यांना चिकटतच नाही. थोडक्यात, तिप्पट मोठा स्किमर तिप्पट सफाई करत नाही. ते पैसे पाणी बदलायच्या मिठावर आणि चांगल्या टेस्ट किटवर घाला.

आपल्याकडच्या घरात काय बघायचं?

संपमध्ये बसणाऱ्या स्किमरला पाण्याची ठरावीक खोली लागते, ती मॅन्युअलमध्ये वाचा आणि संपची उंची आधी टेपने मोजा. कप वर उचलून काढायलाही जागा हवी.

लाईट गेली की वरच्या टँकचं आणि स्किमरच्या आतलं पाणी खाली संपमध्ये येतं. लाईट परत आली की पातळी काही मिनिटं जास्त असते आणि स्किमरचा कप भरून वाहतो, कधीकधी फरशीवर. त्यासाठी स्किमर रिटर्न पंपनंतर 10 मिनिटांनी सुरू होईल असा टायमर लावा. स्मार्ट प्लग वापरत असाल तर लाईट आल्यावर तो चालू होतो, बंद राहतो की आधीच्या स्थितीत येतो, हे ॲपमध्ये तपासा. बंद राहणारा प्लग आणि गावाला गेलेले तुम्ही, ही जोडी माशांना महाग पडते. लांबलेल्या पॉवर कटमध्ये मासे मरतात ते ऑक्सिजन कमी पडून. तेव्हा इन्व्हर्टरवर स्किमर चालवण्यापेक्षा बॅटरीवरचा एक छोटा एअर पंप जास्त कामाचा.

वीजबिल फार नाही. 20 वॉटचा पंप दिवसरात्र चालला तर महिन्याला 14.4 युनिट. युनिटला 10 रुपये धरले तर 144 रुपये.

सगळ्यात महत्त्वाचं: टँकमध्ये ठेवणार काय?

दुबई, सिंगापूर किंवा अमेरिकेत राहणारे मराठी वाचक तिथल्या नियमांप्रमाणे प्रवाळ विकत घेऊ शकतात. भारतात तसं नाही. खडक बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत. शिक्षा 3 ते 7 वर्षं कैद. मुंबईच्या कोस्टल रोडच्या आड हाजी अली आणि वरळीचे प्रवाळ आले, तेव्हा 2020 मध्ये परवानगी घेऊन तज्ज्ञांकडून ते दुसरीकडे हलवावे लागले. महापालिकेला जी परवानगी लागते, ती इन्स्टावरच्या ‘फ्रॅग सेल’वाल्याकडे असेल का? कुरिअरने येणारा तुकडा मालवणच्या किंवा मन्नारच्या आखातातल्या खडकावरून तोडलेला असू शकतो, आणि तो खडक आधीच तापलेल्या पाण्यात झगडतोय.

मासे ठेवायचे असतील तर पर्याय आहे. केंद्र सरकारच्या सीएमएफआरआय या संस्थेने क्लाउनफिशचं प्रजनन टाकीत यशस्वी केलं आहे. टाकीत जन्मलेला मासा मागा, बिल मागा. कोरडे दगड, दोन-चार मासे आणि मध्यम स्किमर, एवढ्यातही सुंदर खारा टँक उभा राहतो.

थोडक्यात

खरं पाणी मोजा. लिटरपेक्षा रोजचं खाणं बघा. बॉक्सवरचा एकुलता एक आकडा निम्मा धरा. त्याच्या वरची एक साईज ठीक, तीन साईज नाही. नवीन स्किमर सुरू केल्यावर एक-दोन आठवडे तो उड्या मारतो, तेव्हा दर तासाला व्हॉल्व्ह फिरवू नका. आणि कार्टमध्ये स्किमर टाकण्याआधी त्या टँकमध्ये काय जगणार आहे आणि ते कुठून येणार आहे, हे ठरवा.