हक्काची किंमत कोणी मोजावयाची?

कायद्याने दिलेला हक्क फुकट मिळतो, असा एक समज आहे. वस्तुतः कोणतीच गोष्ट फुकट नसते. तिची किंमत कोणी तरी, कोठे तरी मोजीतच असतो. पारलिंगी व्यक्तींना आपल्या लिंगभावाशी जुळणारे शरीर लाभावे यासाठी जे उपचार आहेत, त्यांच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये तृतीयपंथी व पारलिंगी व्यक्तींची ओळख मान्य करून त्यांच्या वैद्यकीय सोयींकडे शासनाचे लक्ष वेधले. शस्त्रक्रिया व संप्रेरकांचे उपचार उपलब्ध करणे हे २०१९ च्या कायद्याने शासनाचे कर्तव्य ठरविले. २०२२ मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या विम्याची घोषणा झाली. कागदावर फारसे उणे राहिले नाही.

तथापि हा कागद भोर-वेल्ह्याच्या डोंगरात नेऊन पाहावा. मानसोपचारतज्ज्ञ, संप्रेरकतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन एकत्र मिळतात ते पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतच. भोरहून पुणे सुमारे ५० किलोमीटर. तोरण्याच्या कुशीतल्या वाडीवरून तर आधी वेल्हे गाठावयाचे. बरे, हे काम एका खेपेचे नव्हे. संप्रेरके वर्षानुवर्षे घ्यावी लागतात, रक्त वरचेवर तपासावे लागते. दर खेपेस एस.टी.चे भाडे, बुडालेला रोज आणि घरी सांगावयाचे खोटे कारण. विमा यांपैकी कशाचीच भरपाई करीत नाही. मग सल्ल्याविना दुकानातून गोळ्या घेण्याचा मोह होतो, आणि रक्ताच्या गुठळ्यांसारखे धोके ओढवतात.

नियमित वेतन असणाऱ्यांचीही वाट सोपी नाही. बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे यांना २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा नाकारण्यात आली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर शासनाची अनुमती मिळून मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. रोजंदारीवर जगणाऱ्याने कोणाकडे रजा मागावी, आणि कोणत्या न्यायालयात जावे?

इतक्या थोड्या लोकांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे विचारले जाईल. परंतु मागणी दिसत नाही म्हणजे गरज नाही, असे होत नाही. जिथे विचारणेच महाग पडते, तिथे मागणी नोंदलीच जात नाही.

आणि खटाटोप तरी केवढा? शस्त्रक्रिया खुशाल पुण्यास व्हाव्यात. नंतरची रक्ततपासणी, औषधे आणि महिन्यातून एकदा तज्ज्ञाची भेट एवढे तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात व्हावे. तेथील एका डॉक्टरास या विषयाचे शिक्षण द्यावे. आणि केसपेपर काढताना चारचौघांत चौकशी होऊ नये. यासाठी नवी इमारत लागत नाही. आज जी किंमत एकटा माणूस गुपचूप मोजतो, तिचा थोडा वाटा समाजाने उचलावा, एवढेच मागणे आहे.