बटण कोठे असावे?

निवडणुकीच्या कामावर जाऊन आलेल्या शिक्षकांना आणि कारकुनांना एका यंत्राची ओळख पुस्तकातून नव्हे, तर हाताने झालेली असते. मतदान केंद्रातील कंट्रोल युनिटवर ‘बॅलट’ हे बटण उघड्यावर आणि बोटाला सहज सापडेल असे बसविलेले असते. कारण दिवसभरात ते शेकडो वेळा दाबावे लागते. ज्या बटणाने निकाल उमटतो आणि ज्याने सारी नोंद पुसली जाते, ती दोन्ही मात्र झाकणाआड असतात व त्या झाकणावर मोहोर असते. मतदारापुढील यंत्रावर तर नाव, चिन्ह आणि त्यांच्या ओळीत एक निळे बटण, एवढेच काय ते दिसते. निरक्षर वृद्धेलाही ते कोणी शिकवावे लागत नाही. हा साधेपणा आपोआप आलेला नाही. या यंत्राला बाह्य रूप देण्याच्या कामात मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राचे प्रा. ए. जी. राव आणि प्रा. रवी पूवैया यांचा वाटा होता. बटण कोठे असावे, कोठे नसावे, हा प्रश्न किती गंभीर असू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण आपल्या परिचयात नाही.

हा दाखला मुद्दाम दिला. कारण आज ज्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे, तो प्रथमदर्शनी पोरखेळ वाटण्याचा संभव आहे. जुन्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये उभी असे तशी पेटी घरी किंवा शाळेत स्वतः बनविण्याचा छंद जगभर रुजला आहे. एखादा जुना संगणक, त्याचा पडदा, प्लायवूडची पेटी आणि पुढे दांडी व बटणे बसविलेला फलक, एवढ्यावर ती तयार होते. संगणक आणि पडदा आयते मिळतात. पेटी सुतार करून देतो. खरी बुद्धी लागते ती फलकाला. आणि हाच फलक भंडारा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी एकदा तरी स्वतः आखावा, असे आमचे म्हणणे आहे.

या फलकांचा इतिहासच पाहावा. १९७८ साली जपानच्या तैतो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला आणि या खेळांची लाट उसळली. १९८० सालच्या ‘पॅकमॅन’ला खेळण्यासाठी फक्त एक दांडी होती, दाबायला बटणच नव्हते. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये एक दांडी आणि उडीचे एक बटण पुरले. त्याच सुमाराच्या ‘डिफेंडर’मध्ये मात्र दांडीखेरीज पाच बटणे होती आणि नवखा खेळाडू गोंधळून जाई. १९८७ साली कॅपकॉम कंपनीने ‘स्ट्रीट फायटर’ काढला, तेव्हा ठोसा जितक्या जोराने मारायचा तितक्या जोराने दाबावयाच्या दोन मोठ्या गाद्या तिने फलकावर बसविल्या होत्या. कल्पना चमकदार होती, पण टिकली नाही. त्यांच्या जागी सहा साधी बटणे आली आणि १९९१ च्या दुसऱ्या भागाने तीच मांडणी सर्वत्र रूढ केली. जे चमकदार ते सोयीचे असतेच असे नाही, हा धडा तेथे मोठ्या कंपनीलाही घ्यावा लागला.

फलक आखणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिलाच प्रश्न उभा राहतो तो निवडीचा. कोणते खेळ खेळायचे? ‘पॅकमॅन’सारख्या चक्रव्यूहाच्या खेळाला चार दिशांची दांडी हवी. तेथे आठ दिशांची दांडी बसविली, तर वळणावर हात किंचित तिरका जातो, एका वेळी दोन स्विच दाबले जातात आणि खेळाडू भलत्याच गल्लीत शिरतो. उलट कुस्तीसारख्या खेळाला तिरक्या दिशा वाचून चालत नाही. दोन्ही हवे असेल, तर दांडीभोवतीची चौकट बदलता येईल अशी सोय करावी लागते. नवशिक्याला मोह होतो तो सारे काही एकाच फळीवर मांडण्याचा. चार दांड्या, चेंडू, चाक आणि वीस बटणे बसविली की फलक भरगच्च दिसतो, पण त्यावर कोणालाच नीट खेळता येत नाही. काय ठेवायचे यापेक्षा काय वगळायचे हे ठरविणे अधिक अवघड असते, हे निबंध तपासणाऱ्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

दुसरा प्रश्न हाताचा. माणसाची बोटे सारख्या लांबीची नाहीत. म्हणून बटणांची ओळ पट्टीने आखलेली सरळ असू नये, मधल्या बोटाजवळ ती किंचित पुढे वळावी. मनगट टेकायला जागा असावी. फलकाची उंची उभ्या खेळाडूच्या कोपराच्या जरा खाली असावी. पण खेळाडू सातवीतला की बारावीतला, यावर ती उंची बदलते. दोघांना शेजारी उभे राहायचे असेल, तर दांड्यांमधले अंतर दोघांच्या खांद्यांवरून ठरवावे लागते. खेळ सुरू करण्याचे आणि तो बंद करण्याचे बटण गोळीबाराच्या बटणापासून दूर असावे. नाही तर ऐन रंगात आलेला डाव एका चुकलेल्या बोटाने संपतो. कंट्रोल युनिटवर जे तत्त्व मोहोरेने पाळले आहे, तेच येथे चार बोटांच्या अंतराने पाळायचे आहे.

हे सारे कळते ते लाकूड कापण्यापूर्वी. जुन्या खोक्याचा पुठ्ठा घ्यावा, त्यावर बटणांइतकी, म्हणजे सुमारे ३० मिलिमीटर व्यासाची वर्तुळे काढावी, आणि घरातल्या व वर्गातल्या निरनिराळ्या माणसांना त्यावर हात ठेवायला सांगावे. धाकट्या बहिणीचा हात पोचतो काय? डावखुऱ्या मित्राला अवघडल्यासारखे होते काय? आजोबांना कोणते बटण कशाचे ते न सांगता उमगते काय? स्वतःच्या हातापलीकडे दुसऱ्याचा हात असतो, ही जाणीव नागरिकशास्त्राच्या तासाला जितकी येत नाही तितकी येथे येते. प्रत्येक बटणाखालच्या स्विचला दोन तारा जोडणे, सर्वांना समाईक एक तार फिरविणे, दांडीच्या चार स्विचांपैकी कोणता मुका राहिला ते शोधणे, हे काम त्यानंतरचे. आणि विजेचा धडा त्यात आपसूक होऊन जातो.

या जिल्ह्याला हे ज्ञान नवे आहे असेही नाही. मोहाडी-आंधळगावकडे कोसा विणणाऱ्या विणकराचा माग पाहावा. पायाखालच्या पट्ट्या आणि हातातला धोटा यांची अंतरे विणकराच्या शरीराला जुळलेली असतात, तरच दिवसभर काम होते. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्यात लोट्याचा काठ बोटांत कसा बसावा हे कारागीर जाणत होते. त्या शहाणपणाला आपण अभ्यासक्रमात जागा दिली नाही, एवढेच. आणि ती न दिल्याची किंमत आपण रोज मोजतो. बँकेतील पैशांच्या यंत्रापुढे चष्मा सावरीत उभा असलेला निवृत्तिवेतनधारक असो, की रुग्णालयातील यंत्राच्या कळा चाचपडणारी परिचारिका असो. त्या कळा कोठे असाव्यात हे त्यांना विचारून कोणी ठरविलेले नसते.

वस्तू जेथे वापरायची तेथे ती तपासावी, हा धडाही याच भूमीने दिला आहे. २८ मे २०१८ रोजी भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. त्या दिवशी मतपावतीची यंत्रे जागोजागी अडली, कडक ऊन आणि तीव्र प्रकाश ही कारणे चर्चेत आली आणि ४९ केंद्रांवर ३० मे रोजी पुन्हा मतदान घ्यावे लागले. मे महिन्यातील भंडारा ही यंत्रांच्या दृष्टीने एक स्वतंत्र कसोटी आहे. ती कसोटी आधी लावायची असते, ही सवय लहानपणी खेळातून लागली तर बिघडले कोठे?

यावर एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. मुले आधीच खेळांच्या आहारी गेली असताना शाळेने त्यात भर का घालावी? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो काही उगाच नव्हे. परंतु खिशातला खेळ आणि सभागृहातली पेटी यांत मूलभूत फरक आहे. मोबाइलवर मूल एकटे असते. पेटीपुढे रांग असते, पाळी असते, पाहणारे असतात आणि दिवा मालवला की खेळ संपतो. शिवाय येथे मूल खेळापेक्षा खेळाची वस्तू घडविण्यात अधिक वेळ घालविते. बंदीने वाईट खेळ दूर होईल; चांगले काम हाती देणे मात्र कायद्याच्या आवाक्यातले नाही, ते शिक्षकाचे काम आहे. जुन्या खेळांवर कंपन्यांचे हक्क आहेत, ही अडचण खरी; म्हणून स्क्रॅचसारख्या मोफत साधनात मुलांनी आपला छोटा खेळ स्वतःच रचावा. तो ओबडधोबड असला तरी स्वतःचा असेल.

यासाठी नवी योजना मागण्याचे कारण नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे सुचविले आहे. हाताच्या कामातून शिक्षण, हा विचार तर १९३७ साली येथून फार दूर नसलेल्या वर्ध्यातच मांडला गेला. त्या दहा दिवसांत गावचा सुतार आणि आयटीआयचा एखादा वीजतंत्री शाळेत बोलवावा. कोठारात धूळ खात पडलेला संगणक बाहेर काढावा. पाच-पाच मुलांच्या गटांनी पुठ्ठ्यावर आपापला फलक आखावा, इतर गटांनी तो वापरून पाहावा, दोष सांगावेत, आणि शेवटी ज्यावर सर्वांत अधिक जणांचे हात सुखाने बसतात तो एकच फलक लाकडात उतरवावा. स्नेहसंमेलनाच्या दिवशी ती पेटी सभागृहात ठेवावी आणि पहिला डाव शाळेच्या शिपायाला खेळू द्यावा. त्याला काही न विचारता खेळता आले, तर फलक उत्तीर्ण झाला असे समजावे. न आले, तर पुढच्या वर्षीच्या मुलांना काम मिळाले.