तासाभराचे अंतर

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळापासून गोव्यातील मोपा विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे ३०० किलोमीटर भरते. ९ जून २०२५ रोजी सोलापूर-गोवा विमानसेवा सुरू झाली, तेव्हा तासाभराच्या या प्रवासाचे कौतुक होणे स्वाभाविक होते. घाट उतरून गोव्यास जाण्यात ज्यांचा उभा दिवस खर्ची पडतो, त्यांना या तासाचे मोल सांगावयास नको. परंतु हा तास कशाचा बनलेला आहे, आणि प्रवासाचे खरे अंतर त्याने मोजता येते काय, याचा विचार शांतपणे व्हावयास हवा.

अशा मार्गांवरील सत्तर-बहात्तर आसनांचे पंख्याचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने उडते. त्या हिशेबाने ३०० किलोमीटरांस छत्तीस मिनिटे पुरावीत. उरलेला वेळ जातो तो धावपट्टीपर्यंत पोहोचण्यात, उंची गाठण्यात आणि उतरण्याच्या तयारीत. मार्ग लांबचा असो वा जवळचा, हा वेळ फारसा कमी होत नाही. वर चढताना जळणारे इंधनही वाचत नाही. जवळच्या मार्गावर दर किलोमीटरमागे खर्च अधिक पडतो तो यामुळेच; आणि तो वाटून घेण्यास आसने मात्र थोडी असतात. स्थिर खर्चाचा हा साधा नियम उद्घाटनाच्या समारंभात कोणास आठवत नाही.

प्रवाशाचा हिशेब आणखी वेगळा. घरापासून विमानतळ, तेथील तपासणी, मोप्याहून पणजी, हे सारे जमेस धरले की एका तासाचे चार तास होतात. तरीही लाभ उरतोच. पण विमान रोज नसेल, किंवा ऐनवेळी रद्द होत असेल, तर तो लाभ पार बुडतो. मुलाखतीस निघालेला विद्यार्थी वा मोजून रजा घेतलेला कारकून अशा सेवेच्या भरवशावर निघू शकत नाही. तो मुकाट्याने एस.टी.च्या रांगेत उभा राहतो.

ही भीती निराधार नाही. लहान शहरे हवाई मार्गाने जोडणाऱ्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेचे परीक्षण नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये संसदेपुढे ठेवले. पहिल्या तीन टप्प्यांपर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नव्हते. सुरू झालेल्या ३७१ पैकी अवघ्या ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पूर्ण केली, आणि मार्च २०२३ पर्यंत त्यांतील ५४ मार्गच त्यापुढे तग धरून राहिले. अनुदान हे रोप जगविण्यासाठी असते. येथे बहुतेक रोपे आधार असतानाच सुकली.

सोलापुरापुरते बोलावयाचे तर, विमानांच्या वाटेत अडथळा ठरलेली साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडण्यात आली. तिच्यावरून शहरात वर्षानुवर्षे वाद झाला होता. एवढी किंमत मोजल्यावर नागरिकांस हवी आहे ती नियमित सेवा. यासाठी शासनाने अनुदानित मार्गांची केवळ संख्या सांगू नये. ठरलेल्या फेऱ्यांपैकी किती प्रत्यक्ष झाल्या, किती वेळेवर सुटल्या आणि किती आसने भरली, हे दरमहा प्रसिद्ध करावे. आज सुरू असलेल्या मार्गाची शाश्वती लाभल्याखेरीज नव्या मार्गाची घोषणा करू नये. दोन गावांमधले अंतर विमानाच्या वेगाने कमी होते खरे. पण ते कमीच राहते ते वेळापत्रक पाळल्याने.