टी-१२ की माया?

ताडोब्याच्या त्या प्रसिद्ध वाघिणीची वनखात्याच्या दप्तरातली ओळख टी-१२. बाकी सगळ्या जगाला ती माया. २०२३ च्या पावसाळ्यानंतर ती दिसेनाशी झाली, नोव्हेंबरमध्ये जंगलात एका वाघाचे अवशेष सापडले आणि डीएनए तपासणीनंतर ते टी-१२ चेच असल्याचं ठरलं. बातम्या अर्थातच 'माया गेली' अशा आल्या.

पण मला मायेबद्दल गहिवरून लिहायचं नाहीये (ते पुष्कळांनी लिहिलंय). मला भांडायचंय ते माझ्याच धंद्यातल्या मंडळींशी. आम्ही याद्या करणारी माणसं. हल्ली याला लिंक्ड डेटा म्हणतात. म्हणजे प्रत्येक गोष्टीला वेबवर एक कायमचा पत्ता द्यायचा आणि त्या पत्त्यांच्या आधारे एका यादीतली गोष्ट दुसऱ्या यादीतल्या गोष्टीशी जोडायची. आता या पत्त्याच्या शेपटाला काय लिहायचं, 'पांढरपौनी' की '००४७१३'? आमच्यातले शहाणे लोक ठामपणे सांगतात, आकडाच लिहा. नाव बदलतं, आकडा बदलत नाही. नाव खोटं ठरू शकतं, आकड्याला अर्थच नाही तर तो खोटा कसा ठरेल?

ऐकायला छान वाटतं. पण आकडा बदलत नाही, हे कुणी सांगितलं? २००१ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याचा क्रमांक होता १२ आणि चंद्रपूरचा १३. २०११ मध्ये तेच झाले ५०८ आणि ५०९. दोन्ही जिल्हे जागच्या जागी होते, नावंही तीच होती. बदलला तो फक्त न बदलणारा आकडा.

आणि नाव खोटं ठरतं म्हणाल, तर ठरू द्या की! मटकासुराचा पोरगा 'छोटा मटका'. तो वाढून धिप्पाड नर झाला, तरी लोक त्याला छोटा मटकाच म्हणत राहिले आणि कुणाचाही गोंधळ झाला नाही. आपल्याकडची नवेगावं बघा, पिढ्यान्‌पिढ्या जुनी झाली तरी नवीच. चांद्याचं चंद्रपूर होऊन कितीतरी वर्षं झाली, पण रेल्वेच्या लेखी स्टेशनचा कोड अजून 'सीडी'च आहे, चांदावाला. त्यावरून कुणाची गाडी चुकल्याचं ऐकिवात नाही. वेबच्या पोटातही असाच एक नमुना आहे. तुम्ही कुठल्या पानावरून आलात हे सांगणाऱ्या ओळीचं नाव 'रेफरर'. त्याचं इंग्रजी स्पेलिंग नव्वदच्या दशकात एका 'आर'ने चुकलं आणि ते चुकीचंच कायम झालं. सगळं जग आज त्या चुकीवर सुरळीत चाललंय. नाव खरं असावं लागत नाही. ते लक्षात राहिलं आणि बदललं नाही, की झालं.

आता माझा खरा मुद्दा. आकड्यातली चूक मुकी असते. कक्ष क्रमांक ८२ च्या जागी कुणी २८ लिहिलं, तर तो कागद दहा टेबलांवरून फिरला तरी कुणाची भुवई वर जाणार नाही. तेच 'पांढरपौनी'च्या जागी 'वाघडोह' लिहून बघा. जंगल पायाखालचं असलेला कुठलाही वनमजूर तिथल्या तिथे म्हणेल, साहेब, हे चुकलं. नावाचा पत्ता वापरला की रोज वावरणारी शेकडो माणसं फुकटात यादी तपासत असतात. आकडा दिला की ती माणसं बाहेर, आणि तपासायला उरतं फक्त यंत्र. त्याला २८ सुद्धा तितकाच गोड.

हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. वनहक्क कायद्याखाली ग्रामसभा सामूहिक वनहक्काचा दावा करते, तेव्हा त्या अर्जात कक्ष क्रमांकाचा रकाना असतो (माहीत असल्यास भरा, एवढी कृपा आहे). गावाला आपलं जंगल डोहाच्या, टेकडीच्या, नाल्याच्या नावाने पाठ असतं, आणि कागदाला ते आकड्याने हवं असतं. त्या भाषांतरात एक अंक हुकला, तर हक्क भलत्याच जंगलावर लिहिला जाईल, आणि सभेत वाचून दाखवला तरी कुणाला कळणार नाही.

'पण एका नावाची दहा गावं असतात, त्याचं काय?' याचं उत्तर लोकांनी आमच्या आधीच शोधून ठेवलंय. धानोरा तालुक्यातलं मेंढा, २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक. शेजारचं गाव लेखा. म्हणून हे मेंढा-लेखा. आमच्या तंत्रात यालाच नेमस्पेस म्हणतात आणि त्यावर मोठमोठी व्याख्यानं होतात. असो.

विरुद्ध बाजूचा एकच मुद्दा मला वजनदार वाटतो. वाचता येणारं नाव म्हणजे कुणाला वाचता येणारं? बहुतेक वेळा इंग्रजी येणाऱ्यालाच. विकिडेटाने हेच टाळायला प्रत्येक गोष्टीला 'क्यू' लावून आकडा दिला, म्हणजे कुठलीच भाषा वरचढ नको. मान्य. पण तिथे आकड्याशेजारी तुमच्या भाषेतलं नाव दिसायची सोय आहे. आमच्या याद्यांची फाइल उघडली की नुसते आकडेच अंगावर येतात. देवनागरी पत्त्यांना २००५ पासून प्रमाणाची मान्यता आहे, तरी ते कॉपी करून चिकटवले की पुष्कळदा टक्के-चिन्हांची माळ होते. म्हणून तूर्त माझं मत असं, की माडियात, गोंडीत, मराठीत जे नाव चालतं तेच रोमन अक्षरांत लिहावं, स्पेलिंग एकदा ठरवावं आणि मग त्याला हात लावू नये. चुकलं असलं तरी.

कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रत्येक फोटोला बारसं करून नाव ठेवा, असं मी म्हणत नाही. लाखो वस्तूंना आकडेच बरे. पण ज्या यादीत शे-दोनशे नोंदी आहेत आणि ज्यांची नावं माणसांच्या तोंडात आधीच आहेत, तिथे आकड्याचा हट्ट कशाला? आणि कक्ष क्रमांक? ठेवा की तोही. 'कक्ष क्रमांक' नावाच्या रकान्यात.